सांजनिळ्याची सावली

एका बाटलीतलं शेवाळ हिरवंगार झालं होतं, तर दुसरीतलं जेमतेम तग धरून होतं. दोन्हींत पाणी तळ्याचंच, ऊबही सारखीच. फरक एवढाच, की दुसऱ्या बाटलीत सांजनिळा रंग मिसळलेला होता.

“रंग विषारी आहे,” काजवा म्हणाला. काजवा म्हणजे वाघाळ्याचं तळं राखणारा यंत्रमानव. दिवसभर पाण्यावरून तरंगत तो चाचण्या घेत असे. “पंचायत आता या रंगावर बंदी घालेल.”

उल्कानं दुसरी बाटली हातात घेतली. सांजनिळा तिच्या बाबांनी घरच्या रंगशाळेत बनवला होता. सुताच्या लडीवर तो पहिल्यांदा मनासारखा चढला, आणि पुढच्या महिन्यात बाबा गेले.

“आबा, याला काहीतरी सांगा ना! तुम्ही शास्त्रज्ञ आहात,” ती आजोबांना म्हणाली.

“म्हणूनच गप्प आहे,” आजोबा म्हणाले. “शेवाळ वाढलं नाही, हे त्यानं पाहिलंय. ते खरंच आहे. पण रंग विषारी आहे, हे त्यानं पाहिलेलं नाही. ते ठरवलंय.”

काजव्याचा दिवा लुकलुकला. “आबा, हा टोमणा होता का?”

“होता. नोंद करून ठेव.”

उल्का तणतणत अंगणात गेली. दांडीवर सांजनिळ्या लडी वाळत होत्या. त्यांच्याखालचं गवत पिवळं पडलं होतं. ठिबकणाऱ्या रंगानं गवतही मेलं की काय? मग तिची नजर पलीकडच्या दांडीवर गेली. तिथे कोऱ्या सुताच्या लडी होत्या. त्यांना रंगाचा थेंब लागलेला नव्हता. तरी त्यांच्या सावलीतलं गवत तितकंच पिवळं!

ती धावतच आत आली. “आबा, शेवाळ नुसतं उपाशी असेल तर? ते उजेडावरच जगतं ना?”

“प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या बळावर हवा-पाण्यापासून अन्न बनवणं),” काजवा मध्येच म्हणाला.

“तेच ते! पाणी इतकं गडद असेल तर उजेड आत पोचणार कसा? मग ते विषानं नाही, सावलीनं खंगलं असेल.”

“असेल,” आबा म्हणाले. “पण ओळखायचं कसं? सावली पडली पाहिजे आणि रंग शेवाळाला शिवता कामा नये.”

उल्का विचार करत राहिली. मग तिनं फळीवरची लोणच्याची रिकामी बरणी उचलली. काचेच्या नळीत स्वच्छ पाणी आणि शेवाळ घालून नळी बंद केली, ती बरणीत उभी ठेवली आणि भोवती सांजनिळं पाणी ओतलं. शेवाळ रंगाच्या मधोमध होतं, पण रंगापासून वेगळं.

“रंगाचा थर चाचणीतल्याइतकाच जाड ठेव,” आबांनी बजावलं, “नाहीतर तुलना खोटी ठरेल. आणि एक नळी नितळ पाण्याच्या बरणीत ठेव. तो आपला नियंत्रण नमुना (तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवलेला नमुना).”

काही दिवसांनी तिघांनी बरण्या पाहिल्या. नितळ पाण्यातली नळी हिरवी होती. रंगाला न शिवलेलं शेवाळ मात्र रंग मिसळलेल्या बाटलीतल्या शेवाळाइतकंच फिकं होतं.

“माझा निष्कर्ष चुकला,” काजवा म्हणाला. “सावलीनंच एवढी वाढ खुंटते. इतक्या रंगात विषाचा पुरावा दिसत नाही.”

“बघा!” उल्कानं टाळी वाजवली. “म्हणजे रंगाचं पाणी तळ्यात सोडायला हरकत नाही!”

“उल्का,” काजवा हळूच म्हणाला, “उपाशी मेलेलं शेवाळही मेलेलंच असतं. मग ते खाणारे मासेही उपाशी राहतात.”

उल्काचा चेहरा उतरला. मग तिनं रंगाचं पाणी कोळशाच्या थरातून गाळून पाहिलं; ते नितळ उतरलं.

पंचायतीत ती स्वतःच उभी राहिली. “माझ्या बाबांच्या रंगात विष सापडलं नाही,” ती म्हणाली, “पण त्याची सावली पडते. रंग राहू द्या. पाणी मात्र कोळशाच्या थरातून गाळून, नितळ झाल्यावरच तळ्यात सोडायचं. आमच्या रंगशाळेपासून सुरुवात करू.”

पंचायतीनं ते मान्य केलं.

घरी आल्यावर तिनं फिकी नळी रंगातून बाहेर काढली, धुतली आणि उजेडात खिडकीत ठेवली. आबा रोज त्या नळीपाशी येऊन उभे राहत. त्यांना आता बारीक दिसत नसे.

“हिरवं दिसतंय का गं?” एका सकाळी त्यांनी विचारलं.

उल्कानं नळी उन्हात धरली.

“थोडंसं, आबा. दिसायला लागलंय.”