हाडं नसलेल्या माशाचे दात

माझ्या मैत्रिणी गौतमी आणि तबस्सुमने पैज लावली होती की मी विचारणारच नाही. मी विचारलं, तेही माइकवर, अख्ख्या जेटीसमोर. “डुबकी, ज्या माशाच्या अंगात एकही हाड नाही, तो आमची दगडासारखी कालवं फोडतो कशी?”

गेल्या वर्षी हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे, बरं का.

डुबकी म्हणजे आमच्या खाडीतला पाणबुडा यंत्रमानव, पाण्याखालचं जेटीवरच्या पडद्यावर दाखवणारा आणि प्रश्नांना उत्तरं देणारा. आईच्या बचत गटाने पाळलेली कालवं (शिंपल्यात राहणारे मऊ जीव) रोज फुटत होती आणि चोर पाकट (चपटा, रुंद, बिनहाडाचा मासा) आहे एवढं कळलं होतं. पाकट वाळूत पडून राहतो हे आम्हां मासेमार गाबतांना कोणी शिकवायला नको, म्हणून गटाने कालवांच्या माळा तळापासून उंच टांगल्या. तरी चुरा होतोच. शेवटी बाबांनी उद्याच्या भरतीला जाळं लावायचं ठरवलं.

डुबकीने पडद्यावर चोर दाखवला. पाठीवर पांढरे ठिपके, चाबकासारखी शेपूट, तिच्या मुळाशी विषारी काटा. हा गरुड-पाकट (पंखांसारखे पर हलवत पाण्यात उडणारा). तो तळाशी लोळत नाही, पोहत फिरतो. म्हणजे माळा उंच टांगून आम्ही त्याला ताटच वाढलं होतं!

त्याचा सांगाडा कूर्चेचा (आपल्या नाकाच्या शेंड्याला लागते ती लवचिक गोष्ट), पण जबड्यातल्या कूर्चेला आतून बारीक टेकू असतात. दात एकमेकांना चिकटून फरशीसारखे सपाट झालेले. खाली पाटा, वर वरवंटा. मध्ये शिंपला आला की संपलाच.

“ही मादी आहे,” डुबकी म्हणाला. “ती अंडी घालत नाही, मोजकीच पिल्लं जन्माला घालते. आत्ता तिच्या पोटात पिल्लं आहेत.”

मला बाबांचं जाळं आठवलं. मग पुढचा प्रश्न मी कोणाच्याही पैजेशिवाय विचारला. “तिला पंख मिटता येतात?”

“पक्ष्यासारखे नाही.”

मग हातभर अंतरावर बांबू रोवले, तर एवढे रुंद पंख घेऊन ती आत शिरणार कशी? बाबांना सांगितलं तर ते हसले. “चेडवा, पाकट काय बांबूक घाबरतलो?” पण एका भरतीची मुदत त्यांनी दिली.

सकाळच्या ओहोटीला आम्ही तिघींनी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून माळांच्या एका रांगेभोवती बांबू रोवले, भरतीतही शेंडे पाण्यावर राहतील एवढे लांब. पाणी चढलं. सगळा गट पडद्यासमोर जमला. ती आली, बांबूंपाशी तिरकी झाली, एक पूर्ण फेरी मारली आणि खोल पाण्याकडे उडत निघून गेली. त्या रांगेतलं एकही कालव फुटलं नाही. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही.

घरी आल्यावर चिखलाच्या पायांनीच मी आई-बाबांना समोर बसवलं.

“बाबा, जाळं गुंडाळून ठेवा. उरलेलं कुंपण पुढच्या ओहोटीला घालायचं. आणि आई, मी शिकणार ते समुद्राचंच. तिची पिल्लं मोठी होतील ना, तेव्हा त्यांच्याबद्दल डुबकीला मी सांगणार.”