दारं काढलेली इमारत

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एक जुनी, उंच इमारत आहे. जिना आहे, भिंती आहेत, खोल्या आहेत. पण दार एकही नाही. चौकटीसुद्धा उपटून नेल्यात. भिंतींना नुसती भगदाडं उरलीत.

आलं डोळ्यांसमोर?

आता त्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, कोणीतरी कडी लावतंय.

हसू नका. मी तो आवाज ऐकलाय. रात्री नाही, भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. ही बनवून सांगितलेली गोष्ट नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ तेव्हा माझ्या शेजारी उभा होता.

ती इमारत रंगाच्या कारखान्यामागे होती. कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. मागे राहिलेल्या कामगारांच्या घरांत पाणी यायचं नाही, गटारं तुंबलेली, गल्लीत दिवा नाही. मग ठरलं, की शहर बाहेर पसरवत नेण्यापेक्षा हा सगळा भागच नव्याने उभारायचा. घरं, रुंद फुटपाथ, झाडं, वाचनालय. तोवर तिथली कुटुंबं समोरच पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेली.

माझा भाऊ पाडकामावर मुकादम होता.

या कामाची एक रीत असते. रिकाम्या घरात कोणी पुन्हा येऊन राहू नये म्हणून आधी दारं-खिडक्या काढतात. मग शेवटची फेरी. प्रत्येक खोलीत जायचं, मोठ्याने विचारायचं, "कोणी आहे का?" गप्प उभं राहायचं. उत्तर नाही आलं, तर भिंतीवर चुन्याची फुली.

सगळ्या खोल्यांवर फुली पडल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही.

त्या दिवशी भाचीची, म्हणजे याच भावाच्या मुलीची, शाळा लवकर सुटली. तिला घेऊन मी भावाचा डबा द्यायला गेले. भाचीला आम्ही भुंगा म्हणायचो. सतत कानाशी प्रश्नांची गुणगुण.

भाऊ म्हणाला, "ताई, बरी आलीस. माझा जोडीदार आलेला नाही. एकट्याने फेरी करायची नाही असा नियम आहे. चल वर."

"माझे गुडघे बघ, आणि हा जिना बघ."

"शाळेत शिकवताना पोरांच्या मागे धावायचीस तेव्हा कुठे होते गुडघे?"

"मी पण येते," भुंगा म्हणाली.

"तू इथेच बसायचं. मॅडमजवळ."

मॅडम म्हणजे तिथल्या इंजिनिअर बाई. त्यांनी भुंगाला जिन्याखाली आपल्या शेजारी बसवून घेतलं.

आम्ही वर गेलो. खालच्या खोल्या झाल्या. मधले मजले झाले. भावाने विचारायचं, आम्ही थांबायचं, फुली मारायची. भिंतीवर जुन्या कॅलेंडरचे खिळे तेवढे राहिले होते.

मग सगळ्यात वरचा मजला.

"कोणी आहे का?"

...

खट्.

कडी लावल्याचा आवाज. पॅसेजच्या टोकाकडून.

भाऊ माझ्याकडे बघत म्हणाला, "मांजर असेल."

"मांजर कडी लावतं होय रे?"

आम्ही टोकाच्या खोलीत गेलो. रिकामी. दार नाही, चौकट नाही. कडी लागणार तरी कशाला?

पॅसेजमध्ये परत येऊन भावाने पुन्हा विचारलं.

"कोणी... आहे का?"

या वेळी आमच्या मागे, ज्या खोलीतून आत्ताच बाहेर पडलो होतो तिथून... दार घासत लोटल्यासारखा आवाज झाला. घाईघाईने.

आणि मग... खट्.

खालून इंजिनिअर बाईंची हाक आली, "मुकादम, झालं का? मशीन सुरू करायला सांगू?"

भावाने चुन्याचा ब्रश उचलला. हात भिंतीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"ताई, नाही म्हणालो तर काम अडणार. कारण काय सांगू? दार नसलेल्या खोलीला कडी लागली? पत्र्याखालची माणसं रोज मला विचारतात, आमचं घर कधी."

"आणि हो म्हणालास, आणि आत खरंच कोणी असलं तर?"

त्याने हात खाली घेतला. आम्ही फुली न मारताच खाली आलो. त्याने अडखळत सगळं सांगितलं. बाई हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्हालाही इथे ऐकू आलं."

भुंगा पायरीवर बसून ऐकत होती.

"बाबा, तुम्ही चुकीचं विचारताय."

"म्हणजे गं?"

"लपलेलं कोणी 'कोणी आहे का'ला ओ देतं का? मी तर नाही देत. मी दार लावून घेते."

"कोण लपलंय?" मी विचारलं.

"मला काय माहीत, आत्या? मी कुठे बघितलंय?"

ती उठली. तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि जिन्यात ओरडली, "डाव संपला. सगळ्यांनी बाहेर या."

...

वर, खूप वर, कडी निघाली.

मग पावलं. अनवाणी, हलकी. एकेक पायरी उतरत. वळणावर थांबत, पुन्हा उतरत.

इंजिनिअर बाई भिंतीला सरकल्या, जिन्यात कोणाला वाट देतो तशा. आणि आपण कोणाला वाट दिली ते बघायला लागल्या.

तिथे कोणी नव्हतं.

नंतर भाऊ आणि मी पुन्हा वर गेलो. प्रत्येक खोलीत विचारलं. काही नाही. फुल्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी इमारत पडली. पत्र्याच्या खोल्यांमध्ये आम्ही घरोघरी चौकशी केली, कोणाचं मूल कधी हरवलं होतं का. कोणाचंच नाही.

आज तिथे उजेडाची घरं आहेत. झाडांखाली म्हातारी माणसं बसतात. वाचनालयात मी तुमच्यासारख्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. चांगलंच झालं सगळं. पण संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी प्रत्येक कपाटामागे बघते, टेबलाखाली वाकून बघते.

भुंगा आता कॉलेजात जाते. विचारलं की म्हणते, "नाही आत्या, अजून सापडलं नाही." ती थट्टा करते का, हे मला अजून कळलेलं नाही.

कारण त्या दुपारी पावलं खाली येऊन थांबली ती तिच्याच शेजारी. तिने बाजूला बघितलं. जरा खाली, आपल्याहून लहान कोणाकडे बघावं तसं.

"आता राज्य माझ्यावर," ती म्हणाली. "पण परत आत नाही लपायचं हं. बाहेर. कुठेही चालेल."

मग ती अंगणातून चालत थेट कुंपणाच्या भिंतीपाशी गेली, भिंतीकडे तोंड केलं, डोळ्यांवर हात ठेवले आणि सावकाश आकडे मोजू लागली.