कानातलं पाणी आणि तीन तबकड्या

ए, नुसतं ऐक हां! मध्ये बोलायचं नाही, शंका आली तर गिळून टाकायची. कारण ही कस्तुरी पिसाळची गोष्ट आहे आणि ती सुरू होते एका भांडणापासून. भांडण कुणाशी? तर एका खुर्चीशी!

खुर्ची साधीसुधी नव्हे. यंत्रमानवच तो, फक्त खुर्चीच्या आकाराचा. नाव भोवरा. तळाशी गरगर फिरणारी मोटर, पाठीशी दोन पोलादी हात आणि डोक्याच्या जागी बोलणारा डबा. कस्तुरीच्या वत्सलामावशी हवाई दलाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत होत्या. वैमानिकांच्या अंगाला आकाशात काय काय होतं, ते शोधायचं काम. त्या निवृत्त झाल्या तेव्हा प्रयोगशाळेने जुना म्हणून भोवऱ्यालाही निवृत्त केलं. मावशींनी त्याला टेम्पोत घातलं आणि थेट वाईला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. सोफा विकला आणि त्या जागी भोवरा!

आता कस्तुरीला व्हायचं होतं वैमानिक. तेही हवाई दलात, पुरात अडकलेल्यांना उचलून आणणाऱ्या तुकडीत. बारावी झाली होती, अर्ज मंजूर झाला होता आणि तीन आठवड्यांवर होती कल-चाचणी (विमान चालवण्याचा कल अंगात आहे की नाही हे तपासणारी परीक्षा). आणि तिचा नियम माहितीये? जन्मात एकदाच! गणितात नापास झालं तर परत बसता येतं. इथे नाही. एकदा हुकलं की दुसरं काय वाटेल ते व्हा, वैमानिक व्हायचं नाही.

"असला कसला नियम?" कस्तुरी कुरकुरली.

"अगं, त्यांना बघायचं असतं की कधीच न पाहिलेलं समोर आलं तर तू काय करतेस," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गेलीस तर ते पाहिलेलंच असेल ना? बस खुर्चीत."

कस्तुरीने खुर्चीच्या हाताला हात लावून कपाळाला लावला.

"आपण मला नमस्कार केलात?" भोवऱ्याच्या डब्यातून आवाज आला. "तीस वर्षांत कुणी केला नव्हता. बहुतेक जण उतरताना शिव्याच देतात."

कस्तुरी हसली. ती सवयच तिची. सहा वर्षांची असल्यापासून ती मल्लखांब करायची, आणि खांबाला नमस्कार केल्याशिवाय कुणी चढत नाही. दोरीच्या मल्लखांबात तर ती वस्ताद होती. जत्रेत डोळ्यांना पट्टी बांधून दोरीवर उलटी लटकायची, गिरक्या घ्यायची आणि बरोब्बर प्रेक्षकांकडे तोंड करून थांबायची. शिट्ट्याच शिट्ट्या! तिचे इनामदार सर नेहमी सांगायचे, "डोळे फसवतील पोरी, अंग फसवत नाही."

म्हणून मावशींनी डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा कस्तुरीला वाटलं, हे तर आपलं रोजचंच!

"सोपं आहे," भोवरा म्हणाला. "मी फिरेन. आपण अंगठ्याने दाखवायचं, कुठल्या बाजूला फिरतोय. थांबलो असं वाटलं तर मूठ."

खुर्ची फिरायला लागली. कस्तुरीचा अंगठा झटकन उजवीकडे. वीसेक सेकंद गेली, खुर्ची हळू झाली, थांबली. तिने मूठ केली. बराच वेळ तशीच शांतता. मग खुर्ची एकदम डावीकडे फिरायला लागली, चांगली जोरात. अंगठा डावीकडे!

"झालं. पट्टी काढा."

पट्टी काढली तर खुर्ची जागच्या जागी. आणि भिंतीवर भोवऱ्याने उमटवलेला आलेख. उजवीकडे, एक मिनिट, एकाच वेगाने. मग थांबला. बास. मध्ये थांबणं नाही, डावीकडे तर एकदाही नाही!

"हे खोटं आहे!"

"मला खोटं बोलता येत नाही. ती सोय महागड्या यंत्रांत असते."

"अरे, मी डावीकडे फिरले! मला जाणवलं ना! मावशी, याची मोटर बिघडलीये."

"मोटर ठणठणीत आहे," मावशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "बिघाड असलाच तर तुझ्या कानात आहे."

"कानात? ऐकायचा काय संबंध?"

झालं, कस्तुरी तावातावाने तीनदा बसली. तिन्ही वेळा तेच. चौथ्या वेळी उतरली ती रडवेली होऊन. कारण तिला दिसत होतं की हीच चूक तिकडे केली तर सगळं संपलं. आणि तिची जी सगळ्यात भक्कम गोष्ट, जिच्या भरवशावर ती निघाली होती, तीच डळमळली होती. अंग फसवत नाही म्हणे!

मावशींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. स्वयंपाकघरातून एक पसरट पातेलं आणलं, त्यात पाणी भरलं, वरून चिमूटभर चहाची पूड टाकली. पातेल्याच्या काठाला नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आणि पातेलं खुर्चीच्या मधोमध ठेवलं.

"भोवऱ्या, फिर. आणि तू ठिपका बघ, आणि पूड बघ."

पातेलं फिरायला लागलं. ठिपका निघाला गोल गोल. पण चहाची पूड? ती जिथल्या तिथे!

"पाणी मागे राहिलं," कस्तुरी म्हणाली.

"आळशी असतं ते. आता थांब जरा."

हळूहळू पूडही फिरायला लागली. थोड्या वेळाने ठिपका आणि पूड अगदी बरोबरीने फिरू लागले, जसे हातात हात घालून.

"आता मी थांबतो," भोवरा म्हणाला.

पातेलं थांबलं. ठिपका थांबला. आणि पूड मात्र गर्रकन पुढे फिरतच राहिली!

"आता तुझ्या कानात शिर," मावशी म्हणाल्या. "ऐकायच्या भागाच्या शेजारी हाडात तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. अर्धवर्तुळाकार नलिका (डोकं कुठे वळतंय ते ओळखणाऱ्या नळ्या). तीन नळ्या तीन दिशांना. त्यांत पाणी असतं, आणि त्या पाण्याच्या वाटेत जेलीसारखा एक मऊ पडदा. पडद्यात बारीक बारीक केस. घाटाच्या पायरीवरचं शेवाळं बघितलंयस ना? कृष्णेचं पाणी वाहतं तसं झुकतं? तसा तो पडदा झुकतो, केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो, फिरतोय!"

कस्तुरी पातेल्याकडे बघत राहिली. मग एकदम ताठ झाली. "थांब, मी सांगते! खुर्ची सुरू झाली तेव्हा नळी फिरली, पाणी मागे राहिलं, पडदा झुकला. म्हणून मला कळलं, उजवीकडे."

"बरोब्बर."

"मग पाण्याने नळीला गाठलं. दोघं बरोबरीने. मग पडदा... सरळ उभा राहिला! आणि मला वाटलं, थांबले!"

"आणि खरंच थांबलात तेव्हा?" भोवऱ्याने विचारलं.

"नळी थांबली, पाणी पुढे गेलं, पडदा उलट्या बाजूला झुकला. म्हणून डावीकडे!" ती ओरडलीच. मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे दोरीवर मी इतकी वर्षं... नुसतं नशीब?"

"दोरीवर एकाच दिशेने, एकाच वेगाने किती वेळ फिरता आपण?" भोवऱ्याने विचारलं.

"एकाच वेगाने? कधीच नाही. गिरकी, थांब, उलटी, थांब. दोन-तीन सेकंदांचा खेळ सगळा."

"म्हणजे सतत बदल. तिथे कानासारखा साक्षीदार नाही. कान फिरणं मोजतच नाही, कस्तुरीताई. फिरण्यातला बदल मोजतो. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारलात आणि त्याने आपल्या परीने उत्तर दिलं."

"सर खोटं बोलले नाहीत मग," कस्तुरी हळूच म्हणाली.

"अजिबात नाही. ते दोरीबद्दल बोलले. ढगाबद्दल नाही," मावशी म्हणाल्या. "ढगात शिरलं की बाहेर नुसतं पांढरं. वर कुठे, खाली कुठे, कळत नाही. विमान लांबलचक वळण घेत असतं आणि कान म्हणतो, सरळ आहे. म्हणून समोर तबकड्या असतात, विमान काय करतंय ते काट्यांनी दाखवणाऱ्या."

मग तीन आठवडे नुसता धुमाकूळ! सकाळी कॉफी, मग भोवरा. समोर पडद्यावर खोट्या विमानाच्या तबकड्या. मधली मोठी ती कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारी). तिच्या एका बाजूला दिशादर्शक (विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे), दुसऱ्या बाजूला वळणकाटा (विमान वळतंय की नाही). सुरुवातीला कस्तुरी अंगाचं ऐकायची आणि खोटं विमान खऱ्याखुऱ्या आवाजात डोंगरावर आपटायचं. भोवरा प्रत्येक वेळी म्हणायचा, "श्रद्धांजली." शेवटी शेवटी ती अंगाकडे लक्षच द्यायची नाही. मधल्या मोठ्या तबकडीवर डोळे रोवायची आणि विमान दोरीसारखं सरळ न्यायची.

चाचणीचा दिवस आला. मोठ्ठ्या दालनात एक बंद गोळा, खोट्या विमानाचा, खऱ्यासारखा फिरणारा; आत एकच आसन आणि समोर त्याच तीन तबकड्या. कस्तुरीने आसनाला हात लावून नमस्कार केला आणि पट्टे आवळले. कानात परीक्षक मॅडमचा आवाज आला. "उजवीकडे मोठं वळण घ्यायचं, एक मिनिटभर. मग सरळ व्हायचं आणि सरळच राहायचं. सांगेपर्यंत."

बाहेर पांढरं. वळण सुरू झालं. थोड्या वेळाने अंग म्हणालं, थांबलो. कस्तुरी मनात म्हणाली, गप रे, पाण्याने नळीला गाठलंय फक्त. मिनिट झालं, तिने विमान सरळ केलं. आणि लगेच अंग ओरडलं, डावीकडे! डावीकडे पडतोय!

हे तर ठाऊकच होतं. तिने मधल्या तबकडीकडे पाहिलं.

आणि ती तबकडीही म्हणत होती, डावीकडे कललंय!

तिला केवढं हायसं वाटलं असेल! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अंग आणि तबकडी एकाच बाजूला. हात आपसूक विमान वळवायचा दांडा उजवीकडे ढकलायला निघाला. ढकललाही, केसभर.

आणि थबकला.

कारण तिच्या डोक्यात आलं, वळण संपल्यावर कानातलं पाणी पुढे वाहतं. या क्षणी अंगाला डावीकडेच वाटणार, विमान कसंही असो. मग अंगाची साक्ष आत्ता मोजायचीच कशाला? अंग बाद. उरली एकटी तबकडी. ती खरी कशावरून? मावशीकडे आपण आधी अंगावर डोळे मिटून विश्वास टाकला, मग या तबकडीवर. पण डोळे मिटलेलेच राहिले की!

"कस्तुरी पिसाळ, सरळ राहायचंय," कानात आवाज आला. अगदी थंड.

तिला सायकल आठवली. सायकल कलली की वळतेच. विमानही तसंच. डावीकडे कललं असेल तर त्याचं नाक डावीकडे सरकायला हवं. तिने दिशादर्शक पाहिला. पूर्व. एक, दोन, तीन, चार सेकंद. पूर्वच. वळणकाटा पाहिला. बरोब्बर मध्ये. दोघंही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि दोघंही म्हणतात, वळत नाहीये. म्हणजे कललेलं नाही. म्हणजे मधली मोठी तबकडीच बिघडलीये!

तिने तो केसभर ढकललेला दांडा परत मध्ये आणला आणि धरून ठेवला. अंग ओरडतंय, मोठी तबकडी ओरडतेय, आणि ती दोन छोट्या काट्यांकडे बघत बसलीये. चाळीस सेकंद! चाळीस सेकंद किती असतात, मोजून बघ एकदा.

दिवे लागले. झाकण उघडलं. समोर परीक्षक मॅडम, उंच, केस पांढरे.

"काय वाटत होतं आत?"

कस्तुरीला क्षणभर वाटलं, सांगावं की काही नाही, एकदम मस्त. घाबरट म्हणून काढून टाकलं तर? पण ती म्हणाली, "मॅडम, डावीकडे पडतेय असं वाटत होतं. सारखं. थोडं उजवीकडे ढकललंही मी."

"दिसलं ते. मग मागे का घेतलं?"

"कान आत्ता काय मोजत असेल, त्याचा विचार केला. मग प्रत्येक तबकडी काय मोजते, त्याचा."

मॅडमनी कागदावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "सकाळपासून अकरा जण येऊन गेले. सगळे म्हणाले, काहीच वाटलं नाही. ज्याला कान आहे त्याला वाटतंच, मुली." आणि त्यांनी तिच्या हातात हिरवी चिठ्ठी ठेवली. हिरवी म्हणजे पास!

आणि ऐक, निघताना म्हणाल्या, "खेळ कुठला खेळतेस?" मल्लखांब म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. त्यांच्याकडे एक जाकीट तयार होतंय म्हणे. विमान जिकडे कलेल तिकडच्या कातडीवर ते हलकेच टोचे मारणार. म्हणजे तबकडी वाचायच्या आधीच अंगाला खरं कळेल! ज्यांना आपलं अंग बारकाईने वाचता येतं, अशांवर ते आधी करून बघायचंय. प्रशिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात कस्तुरी ते घालणार आहे.

पण मला सारखे ते चाळीस सेकंदच आठवतात. बाहेर पांढरं, अंग म्हणतंय पडतेयस, समोरची सगळ्यात मोठी तबकडी म्हणतेय हो, पडतेयस. नाही म्हणणारे दोनच छोटे काटे. आणि जन्मात परत संधी नाही.

खरं सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस?