हरल्यावर थांबायचं

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू निसटला म्हणून ती त्या दुकानात शिरली, एवढंच. पलीकडच्या गल्लीत ती कवळ्या तयार करायची, आणि चष्म्यावाचून एका आजोबांच्या कवळीत खालचे दात वर बसायच्या बेतात होते. काउंटरवर बुद्धिबळाचा पट होता. तरुण चष्मेवाला दोन्ही बाजूंनी एकटाच खेळत होता आणि स्वतःवरच चिडला होता.

"काळा वजीर मरतोय," ती डोळे बारीक करून म्हणाली.

"कुठे?"

"त्या उंटाकडे बघा की!"

"अरेच्चा... सकाळपासून मरतोय बिचारा. मला दिसलाच नाही."

"आणि तुम्ही लोकांचे नंबर काढता?"

मागे बिलं करत बसलेली त्याची आत्या इतकी हसली, की भिंतीवरचे आरसे फुटता फुटता राहिले.

त्याच दिवशी एक डाव झाला. ती हरली, पर्स उचलली आणि चालती झाली. आठवडाभर फिरकली नाही. मग आली, तेव्हा म्हणे पुन्हा स्क्रूच सैल झाला होता! त्या दिवशी ती जिंकली... आणि मग रोजच जिंकायला लागली.

जेवणाच्या सुट्टीत डाव मांडायचा, ही रीतच पडली. हरलेल्यानं डाव पहिल्यापासून पुन्हा लावायचा, आणि दोघांनी मिळून चुका शोधायच्या. डाव चहा निवायच्या आत आटपायचा, चिरफाड मात्र आत्याचं शेजारणीशी फोनवरचं बोलणं संपलं तरी चालूच! एकदा उंट पडून फुटला, तर तिनं कवळीच्या हिरड्यांच्या मसाल्यातून नवा ओतून आणला. गुलाबी. 'अहो-जाहो'ही कधीतरी तिथंच गळून पडलं.

एके दुपारी अशीच चिरफाड चालली होती.

"इथं घोडा घातला असतास तर?" तिनं सहज विचारलं.

त्याचा हात आपोआप चालला. घोडा, शह, हत्ती, शह... मात. नळाखाली भांडं धरावं इतक्या सहज.

"हे तुला आत्ता दिसलं?"

"हो," म्हणत तो चष्मा पुसू लागला.

"स्वच्छच आहे तो. खरं सांग."

"तू पहिल्यांदा हरलीस नि आठवडाभर आली नाहीस. म्हणून मग मी..."

"म्हणून मला जिंकवत राहिलास? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तिचा आवाज चढला. "उद्या खरा खेळ. मुद्दाम हरलास तर मला कळेल, आणि मग या दुकानाची पायरी चढणार नाही मी."

"आणि... जिंकलो तर?"

तिनं पर्स उचलली. जिंकला तर काय, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात इतकी शांतता होती, की काचांवर धूळ बसलेली ऐकू यावी. आत्यानं फोन काढून ठेवला होता. तो खेळला — जीव तोडून खेळला. तीही.

"मात," तो म्हणाला. डॉक्टर वाईट बातमी सांगतात ना, तसं.

तिचे कान तापले. पर्स खांद्याला लागली, पावलं दारापर्यंत गेली.

"गेली बघ," आत्या पुटपुटली. "गाढवा, थोडं कमी जिंकायचं होतंस!"

दाराच्या मुठीवर हात ठेवून ती उभी राहिली. हरल्याचा राग होताच, पण त्याच्या तळाशी भलतंच काहीतरी होतं. ती पुन्हा निघून जाईल हे माहीत असूनही तो तिच्याशी हातचं न राखता खेळला होता... आणि तिला ते आवडलं होतं. आता काय करायचं याचं?

ती परत येऊन बसली. सोंगट्या मुकाट्यानं पहिल्या जागी लावू लागली.

"सांग. कुठं चुकले मी?"

"हत्ती हलवलास तिथं."

"आणि तू?"

"मी... फार आधी. पहिल्या दिवशी तू निघालीस, तेव्हा हाक मारायला हवी होती."

"मग आता मार."

हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला हाक मारायची, तर आवाज अगदीच हळू लावावा लागतो. मागे बसलेल्या आत्यालासुद्धा ती ऐकू गेली नाही.

"ओ," ती म्हणाली.