क्वार्टरपुढचा थांबा

मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर त्र्यंबकराव इंगवले यांनी एकदा असा ब्रेक मारला होता म्हणे, की गाडी जागची हलली नाही, स्टेशनच चार इंच पुढे सरकलं. ही हकीकत रोज नव्याने ऐकणारी त्यांची बायको शालन तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून भुसावळच्या त्या घरात स्टेशन कधी सरकलं नाही.

आज दारात संग्रहालयाचा टेम्पो उभा होता. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरची त्यांची छोटी रेल्वे, रूळ, बोगदा, पत्र्याच्या चिमुकल्या रेल्वे क्वार्टरसकट तिकडे जायची होती. रिकाम्या घरात ती त्यांना बघवत नव्हती; शालन गेल्यापासून त्यांनी ती चालवलीही नव्हती. नेण्याआधी संग्रहालयाच्या डॉ. अमृता खरोटे तिला नवा दूरचालक, म्हणजे रिमोट, आणि इंजिनाचा आवाज काढणारा ध्वनिजनक जोडून पाहत होत्या.

"आवाज रेकॉर्ड केलेला असणार," त्र्यंबकराव नाक मुरडून म्हणाले.

"नाही काका. इंजिन किती जोर लावतंय ते मोजून आवाज तिथल्या तिथे घडतो. शिवाय चाकाखालचा संवेदक रूळ वाचतो. प्रत्येक ब्रेकचा, प्रत्येक निघण्याचा धातूवर बारीक ओरखडा उरतो. त्यावरून चालवणाऱ्याचा हात कळतो. ही घर्षणस्मृती. जुनी फेरी जशीच्या तशी पुन्हा धावते. बघा."

गाडी सुसाट सुटली, बोगद्यात गरजली आणि किंचाळत थांबली.

"हा मी!" त्र्यंबकराव ओरडले. "स्टेशन हललं का बघा!"

"आता वरचा थर. सगळ्यात अलीकडचा."

या वेळी गाडी हलकेच निघाली. वळणावर तिने दम घेतला. निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी फलाटाला लागली.

"काका, हा हात दुसरा आहे."

"कसं शक्य आहे? घरात आम्ही दोघंच. आणि शालन तर हिला सवत म्हणायची. बोट लावायची नाही."

"तुमच्यासमोर."

त्र्यंबकरावांनी रुळावरून बोट फिरवलं. ड्यूटीवर ते तीन-तीन दिवस बाहेर असत. परत आले की रुळांवर धुळीचा कण नसे, याचं नवल त्यांना कधी वाटलं नव्हतं.

गाडी पुन्हा निघाली आणि चिमुकल्या क्वार्टरपुढे थांबली.

"इथे थांबा नाही," ते पुटपुटले. "खऱ्या लाइनवरही नव्हता. आमच्या क्वार्टरपुढून मी नुसती शिटी देऊन जायचो. शालन दारात येऊन उभी राहायची."

"सगळ्यात खोल खूण इथलीच आहे. हजारो थांबे."

इंजिन उभ्या जागी मंद धडधडत राहिलं.

"मग पुढे का जात नाही?"

"रुळाला थांबणं कळतं, निघणं कळतं. मधे किती वेळ गेला, त्याचा ओरखडा उमटत नाही. ते तुम्ही ठरवायचं. हिरवं बटण दाबा."

त्र्यंबकरावांनी दूरचालक हातात घेतला. अंगठा बटणावर गेला. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यांनी अंगठा उचलला.

"डॉक्टरबाई, टेम्पोवाल्याला सांगा, लाइन क्लिअर नाही. गाडी घरी थांबलीय."