वस्तीत सर्वत्र शांतता

अंगावर काटा आणणारी गोष्ट सांगावी तर मीच, असं मी चारचौघांत छातीठोक सांगतो. घरी मात्र भुताचं नाव काढलं की बायको घोरायला लागते. ते असो.

आमचा हा बातमीदार एका सांजदैनिकात होता. सांजदैनिक म्हणजे काय, तर संध्याकाळी काय होणार ते दुपारीच लिहून मोकळं व्हायचं! दंगल पेटल्यापासून पठ्ठ्या खुर्चीतून हलला नव्हता. पोलिसांना फोन लावायचा, साहेब म्हणतील तशी मान डोलवायची आणि ठोकून द्यायचं: 'वस्तीत संध्याकाळी सर्वत्र शांतता होती.' आणि हे भर दुपारी, जेवून आल्यावर, बरं का. ऑफिसात त्याला शांतारामच म्हणत. त्यालाही त्यात मोठेपणा वाटे.

त्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहायची. सकाळी तिचा फोन आला. पलीकडून आवाजच नाही. श्वाससुद्धा नाही. तेव्हा कुठे शांताराम उठले, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि निघाले.

गल्लीच्या तोंडाशी जळक्या रबराचा वास होता. एक कुत्रं मान वर करून भुंकत होतं... ऐकू येत नव्हतं. त्याने पाऊल आत टाकलं. पायाखाली काचेचा चुरा झाला, पण करकर नाही. टाळी वाजवली. तळहात झोंबले, बाकी काही नाही. कानांत दडे बसले असतील म्हणून मागे सरकला, तर मोठ्या रस्त्यावरचा ट्रक धडधडत ऐकू आला. पुन्हा आत... नुसता कापूस.

ताईचं दार चौकटीसकट उखडलं होतं. ती उंबऱ्यात बसून ओरडत होती. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, तोंड उघडं, आणि सगळं मुकं. त्याने तिला बखोटीला धरून गल्लीबाहेर ओढलं. रस्त्यावर पाय पडताच तिची किंकाळी मधूनच सुरू झाली.

"...नेलं रे! तुझ्या भावोजींना फरफटत नेलं!"

"कधी?"

"काल संध्याकाळी. तुमचा पेपर दारात पडला, आणि मग काही वाजेचना. दार फोडलं, तेही नाही. शेजारीपाजारी कुणाला कळलंच नाही..."

त्याने ऑफिसला फोन लावला. "साहेब, अंक थांबवा! वस्तीतून माणूस उचललाय."

"संचारबंदी म्हणून आज सकाळीच सोडला," संपादक हसले. "तुझंच कालचं वाक्य घेतलं. फक्त वस्तीच्या जागी शहर घातलं."

पेपरची गाडी चौकातून वळली. दुकानांच्या पायऱ्यांवर गठ्ठे पडत गेले, तसतसा गाडीमागचा रस्ता मुका होत आला. आधी कावळे गेले. मग ट्रक.

"ताई, घाबरू नकोस. उद्या पहिल्या पानावर भावोजींचं नाव घालतो. सगळ्यांना कळेल..."

गाडी अगदी जवळ आली होती.

"नाव घाल रे," ताई म्हणाली. "पण जाताना ते मला ओरडून काहीतरी सांगत होते... ते काय होतं, तेवढं छापशील?"