दुसऱ्याच्या टाकीतली हवा

"यंत्र खोटं बोललं, म्हणून माझा धाकटा भाऊ गेला. त्या दुरुस्तीवाल्याला आत टाकायचंय. तुम्ही फक्त पुरावा द्या."

समोरच्या माणसाने दोन डाइव्ह कॉम्प्युटर टेबलावर ठेवले. पाठीवरच्या टाकीत किती हवा उरली ते पाण्याखाली दाखवणारे, घड्याळासारखे मनगटावर बांधायचे. दोघे भाऊ गढूळ पाण्यात जवळजवळ पोहत होते. धाकट्याच्या यंत्रात शेवटची नोंद निम्म्या टाकीची होती, आणि हवा तर संपली होती. घाबरून तो श्वास रोखून वर झेपावला. वर येताना कोंडलेली हवा फुगली आणि फुप्फुसं फाटली.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. व्यवसायाने त्या गुप्तहेर. मदतीला सख्खा दीर. भावजी डोक्याने जरा सावकाश, पण गाडी झकास चालवत. दुरुस्तीवाल्याने हात झटकले की तोच गुन्हेगार, असं भावजींनी दुकानाच्या वाटेवरच ठरवून टाकलं.

दुरुस्तीवाला हात झटकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती, आणि आपल्याच हातून काही राहिलं का, या विचाराने त्याची झोप उडाली होती. टाकीच्या तोंडाशी छोटा ट्रान्समीटर बसवतात, तो हवेचा दाब बिनतारी कळवतो, असं त्याने समजावलं. प्रत्येक ट्रान्समीटरला आपला क्रमांक. मनगटावरचं यंत्र जोडीच्याच क्रमांकाचं ऐकतं, तेही जवळून. दोन्ही जोड्या त्याने चालवून दाखवल्या. आकडे तंतोतंत आले.

"मग पाण्यात काय भूत शिरलं?" भावजी म्हणाले. वहिनींनी तिकडे लक्षच दिलं नाही.

दोघा भावांना पाण्यावर नेणारी बोटवाली मावशी फटकळ होती. दोघांचं सामान थोरलाच जुळवायचा, धाकट्याला हात लावू द्यायचा नाही, असं तिने सांगितलं. थोरला वर आला तो वैतागूनच. भावाचं त्याला अजून कळलंही नव्हतं. माझं यंत्र शून्य दाखवतंय, भंगार आहे, म्हणाला. त्याची टाकी मावशीनेच उतरवून तपासली. ती चांगली निम्मी भरलेली होती.

संध्याकाळी थोरला आला. वहिनींनी दार लावून घेतलं.

"दुरुस्तीवाल्याचा दोष नाही. यंत्रांचाही नाही. धाकट्याला निम्मी हवा दिसत होती, तेवढीच तुमच्या टाकीत निघाली. तुम्हाला शून्य दिसलं, आणि रिकामी होती त्याची टाकी. ट्रान्समीटर सारखेच दिसतात. टाक्यांवर बसवताना त्यांची अदलाबदल झाली. तो तुमची हवा बघत होता, तुम्ही त्याची."

भावजींच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. "म्हणजे भावाची हवा संपताना यांना दिसत होती," ते बोलून गेले, आणि लगेच पस्तावले.

ट्रान्समीटर आपणच बसवले, हे थोरल्याने कबूल केलं. लहानपणापासून धाकट्याचं सगळं तोच करायचा. आकडा उतरताना दिसत होता, पण स्वतःचा श्वास नीट चालू होता. यंत्र बिघडलं असेल, वर गेल्यावर बघू, असं त्याला वाटलं होतं.

"दुरुस्तीवाल्याला हे तुमच्या तोंडून कळलं पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

त्याने होकारार्थी मान हलवली. दाराशी जाऊन तो थांबला. शरमेने त्याला वर बघवत नव्हतं.

"खाली असताना त्याने माझा पाय ओढला होता. खोड्या काढायची सवयच होती त्याला," तो म्हणाला. "मी पाय झटकून सोडवून घेतला."